टाचेखालचा डाग

दादा,

आज सोमवार, दुकान बंद, म्हणून सकाळीच वेरूळला दर्शन करून आलो. गाभाऱ्यात जाताना पुरुषांनी सदरा काढायचा, ते तुम्हाला सांगायला नको. रांगेत पुढच्यांच्या उघड्या पाठी बघत उभा होतो. देवाचं नाव घेता घेता मनात आलं, माणसाला स्वतःची पाठ कधी दिसत नाही. मानेमागचं, कानामागचं, तळपायाचंही धड दिसत नाही. ते दिसतं आपल्यासारख्यांना, आणि आपण बोलायचं नाही. मी वस्तरा धरायला लागलो त्या वर्षी एका गिऱ्हाइकाला मानेवर मस असल्याचं सांगितलं होतं. तो गेल्यावर तुम्ही म्हणालात, "अंगावरचं अंगावरच राहू द्यायचं. त्यो आरशात बघायला आलाय, पंचनाम्याला नाय."

मुकुंदवाडीतल्या आमच्या गाळ्यात मधोमध पडदा आहे. अलीकडे मी, पलीकडे तुमची सून बायकांचं पार्लर चालवते. मागं एका त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी पार्लरवाल्यांना बोलावून शिकवलं, की तुम्ही लोकांची कातडी जवळून आणि पुन्हा पुन्हा बघता. एखादा डाग वाढतोय, कडा वेड्यावाकड्या झाल्यात, रंग बदलतोय, जखम भरतच नाही, असं दिसलं तर त्याला घासू नका, कापू नका, रोगाचं नाव घेऊ नका. फक्त डॉक्टरकडे पाठवा. बहुतेक डाग साधेच निघतात, पण ते डॉक्टरनं ठरवायचं. कातडीचा कर्करोग तळपायालाही होतो, हे तुमच्या सुनेनं घरी सांगितलं तेव्हा माझा घास हातातच राहिला.

पुढं एक दिवस शेंद्र्याला कंपनीत जाणाऱ्या एक मावशी भाचीच्या लग्नासाठी पाय घासून, स्वच्छ करून घ्यायला आल्या. पडद्याआडून सगळं ऐकू येत होतं.

"ते टाचंखालचं काळं घास की जरा. कंपनीतले बूट चावतेत."

"मावशी, दिवाळीला हे वाटाण्याएवढं होतं. आता दुप्पट झालंय. मी नाय घासणार. आधी डॉक्टरला दाखवा."

"आता गं! पाय धुवायला आले तर भेव दाखवती. पार्लरवाली हायेस का डॉक्टरीण?"

मावशी चपला शोधायला लागल्या. तशाच गेल्या असत्या तर पुन्हा आल्या नसत्या, आणि डागही कुणाला दिसला नसता. मी एकाची दाढी करत होतो. वस्तरा बाजूला ठेवला आणि पडद्याकडे तोंड करून म्हणालो, "मावशी, माझ्या वडिलांच्या टाचंखाली असाच डाग होता. त्यांनी अंगावर काढलं. मग जांघेत गाठ आली, अन् पुढं लई दिवस नाय राहिले."

मावशींनी सुनेकडून दवाखान्याचा पत्ता लिहून घेतला. तुमच्या अंगावरचं मी पहिल्यांदाच दुकानात बोललो होतो.

तुमचा डाग खरंच कर्करोगाचा होता का, मला माहीत नाही. तुम्हाला कुणी तपासलंच नाही. मावशींचा मात्र त्याचाच निघाला. टाचेचा तेवढा भाग काढून तिथं मांडीची कातडी लावली. वेळेत आलात, असं डॉक्टर म्हणाले. परवा त्या मऊ चपला घालून, लंगडत आल्या. "आता तरी घासतीस का?" म्हणाल्या आणि दुसरा पाय पुढं केला. मी अलीकडे हसत होतो, आणि तुम्ही असता तर काय म्हणाला असतात, याचा विचार करत होतो.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, म्हणून लिहितो. तुम्ही अंगावर काढलं, हे मी मावशींना खोटं सांगितलं. तो दिवस अजून डोळ्यांपुढं येतो: आपल्या ओट्यावर दुपारची वेळ आहे, मी तुमचे पाय चेपतोय. तुम्ही विचारता, "बघ रं, टाचंला काय झालंय?" मी पाय उजेडाकडे वळवतो. काळं, पसरलेलं, नीट दिसतं. आणि मी म्हणतो, "काय नाय दादा. भेग हाय."