डबीनं दाबलेलं रक्त

३ नोव्हेंबर, शुक्रवार
मला न विचारता माझ्या दातांची तारीख ठरवून टाकली. सुनेनं. रेखा म्हणते, "आई, सोमवारी नेपियर टाऊनला जायचं, दाताच्या डॉक्टरकडे." जसे काही माझे दात तिनंच माहेरून आणले होते. काहून, तर मी पेरू खाल्ला आणि पेरूला लाल लागलं. या घरात सासू बोलते ते कोणी ऐकत नाही, तिच्या उष्ट्या पेरूकडे मात्र सगळे बघतात.
श्री. (वर लिहायचं राहिलं. रागात होते, देव समजून घेईल.)

४ नोव्हें., शनि.
खरं इथं लिहिते. खालचे समोरचे दोन दात हालतात. जिभेनं ढकलले की कळतं. तीन वर्षं झाली, डाव्या बाजूनं खाते. रेखाला माहीत नाही.
माझी सासू शेवटची पाच वर्षं दूधभातावर होती. पोळी चहात बुडवून चोखायची. मी हसायची तिला. आता अडुसष्टाव्या वर्षी भीती एकच आहे, ती दूधभाताची वाटी माझ्याकडे येऊन राहिली.

६ नोव्हें., सोम.
जाऊन आले. डॉ. बाई रेखापेक्षाही लहान. खुर्ची आडवी केली, "अम्मा जी, मुँह खोलिए, और थोड़ा." एक बारीक काडी हिरडीत घालून दातागणिक आकडा बोलून राहिली, नर्स लिहून राहिली. तीन, तीन, पाच, सात. मला वाटलं मार्क आहेत. सात ऐकून बरं वाटलं, शाळेत कधी मिळाले नव्हते. मग समजलं, आकडा मोठा तेवढी हिरडी दातापासून जास्त सुटलेली. तीनपर्यंत ठीक. सात म्हणजे आत खड्डा, त्यात घाण, आणि खालचं हाड झिजून राहिलं.
विचारलं, "तंबाखू लेती हैं?" म्हटलं, नाही. खोटं नाही बोलले. तंबाखू आमच्या घरात कोणी खात नाही. मी गुडाखू घासते, ते मंजन आहे.
रेखा खिडकीकडे बघत म्हणाली, "गुड़ाखू करती हैं, डॉक्टर साहब. चालीस साल से."
चुगलखोर.
डॉ. बाई म्हणाली, "अम्मा, गुड़ाखू तंबाखू ही है. गुड़ में सना हुआ." जसं मला माहीत नाही डबीत काय असतं. माहीत होतं. पण जे थुंकतो ते खाल्लं कसं म्हणायचं?

८ नोव्हें., बुध.
उजवी बाजू साफ केली. सुई दिली, अर्धं तोंड मेलं, मग दाताच्या मुळापर्यंत खरवडलं. पाण्याच्या बंबात तळाला थर बसतो ना, तस्सा थर निघाला. काढलेला तुकडा दाखवला. काळा. माझ्या तोंडात हे होतं आणि मी लोकांच्या घराला नावं ठेवत फिरत होते.
हुकूम असे: मऊ ब्रश, दोन वेळा. मिठाच्या कोमट पाण्यानं चुळा. डबी बंद.

१५ नोव्हें., बुध.
डबी बंद, दिवस सातवा. दिवाळीत चकलीकडे नुसतं बघितलं. सकाळी चहा झाला की मागच्या पायरीवर शेजारची पाठकीण डबी घेऊन बसते, मीही बसायची. बोटावर घ्यायचं, घासत घासत मोहल्ल्याची खबर घ्यायची. आता रिकाम्या तोंडानं काय बसायचं. तिची सून कोणाशी भांडली तेही कळलं नाही.
आणि आज ब्रश केला तर बेसिन लाल. आधी एवढं कधीच नव्हतं. त्या पोरीनं बिघडवलं माझं तोंड. चांगल्या हिरड्या खरवडून टाकल्या.

१७ नोव्हें., शुक्र.
डबी काढली. डाळीच्या डब्यामागे लपवलेली होती. दोनच बोटं.

२० नोव्हें., सोम.
रक्त बंद. चार दिवसांत. मंगळवारी दाखवतेच तिला. शिकली असशील, पण चाळीस वर्षं मी काही गवत कापून नाही राहिले.

२१ नोव्हें., मंगळ.
दाखवलं. ताठ मानेनं सांगितलं की तुमच्या औषधानं रक्त येत होतं, माझ्यानं थांबलं.
ती हसली नाही, रागावलीही नाही. स्टूल ओढून समोर बसली, मास्क खाली केला. म्हणाली, "अम्मा, तंबाखू से मसूड़ों की नसें सिकुड़ जाती हैं. खून दिखना बंद होता है, बीमारी बंद नहीं होती. अंदर हड्डी गलती रहती है." म्हणे, डबी सोडली की हिरडीच्या आखडलेल्या नसा मोकळ्या होतात, दबलेलं रक्त दिसायला लागतं, थोडे दिवस. ते बरं होण्याचं लक्षण, मी त्यालाच घाबरले.
मी विचारलं, म्हणजे रक्त ओरडून सांगत होतं आणि मी त्याचं तोंड दाबत होते?
"हाँ जी."
डाव्या बाजूचं काम करून घेतलं. रेखा ऑटोत दोनदा म्हणाली, "आई, दुखतं का?" दुखत नव्हतं.

२२ नोव्हें., बुध.
काल लिहिलं नाही ते लिहिते.
सुशी. माझी पोरगी. सतरा वर्षांपूर्वी दुसऱ्या खेपेला माहेरी आली होती, सातवा महिना. हिरड्या सुजलेल्या, ब्रश लावला की रक्त. रडत होती. मी माझ्या डबीतलं माझ्या बोटानं तिच्या हिरडीवर घासलं. चक्कर आली तिला, म्हटलं, होतं पहिल्यांदा. दोन दिवसांत रक्त बंद. मी पाठकिणीला सांगितलं, बघा, हाताला गुण आहे. गोहलपूरला सासरी गेली तेव्हा चिवड्याच्या डब्यात नवी डबी मीच ठेवून दिली.
सातव्या महिन्यात.
पोरगा धडधाकट निघाला, देवाची कृपा. माझी अक्कल नाही.

२३ नोव्हें., गुरु.
डबी कचरागाडीत टाकली, स्वतःच्या हातानं. गाडीवाला भैया म्हणे, "अम्मा, गीला कि सूखा?" म्हटलं, तूच बघ.

१४ डिसें., गुरु.
डबी बंद, बाविसावा दिवस. ब्रशला आता जरासंच लागतं, कधी नाहीच.
डॉ. बाईनं पुन्हा काडी फिरवली. साताचे चार झाले, पाचाचे तीन. मार्क कमी आले आणि मास्तरीण खूश. समोरचा एक दात गेला, तो वाचणारच नव्हता, तिनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. दुसरा राहील म्हणते, शेजारच्या दातांना तारेनं बांधून दिलाय. गेलेलं हाड परत येत नाही. आहे ते टिकवायचं, दर तीन महिन्यांनी दाखवायचं. खोटा धीर नाही देत, हे मला आवडलं.
मटर सोलून नेले होते तिच्यासाठी, पिशवीभर. घेत नव्हती. म्हटलं, "मेरे मुँह में इतने दिन हाथ डाला, मेरे हाथ का भी लो." घेतले.
घरी येऊन दोन्ही बाजूंनी पोळी खाल्ली. भाजीबरोबर, न बुडवता. देवापुढे दिवा लावला. त्या पोरीच्या हाताला यश दे म्हटलं.
रेखाचे उपकार इथं लिहून ठेवते. तोंडावर नाही सांगणार, डोक्यावर बसेल. पण माझी वाटी तिनं लांब ठेवली. ती पेरूकडे बघत नसती तर कोणी बघणार होतं?

१८ डिसें., सोम.
सुशीला बोलावून घेतलं. बेचाळीसची झाली. हसताना पदर तोंडावर घेते, मला वाटायचं संस्कार.
"तोंड उघड."
"काहून? माझं काहीच दुखत नाही, आई."
"माझंही दुखत नव्हतं. उघड."
समोरचा दात माझ्या बोटाखाली हालला. ज्या बोटानं घासलं होतं त्याच. कमरेची डबी मागितली तर म्हणे, "तूच तर दिली होती, आता तूच काढून घेऊन राहिली?" भांडली. मग रडली. मग दिली.
तिच्या सासूला वाटतं की सुशीला पानाच्या टपरीची चटक लागली. सतरा वर्षं पोरगी बोलणी खाऊन राहिली, आईचं नाव नाही सांगितलं.

२० डिसें., बुध.
उद्या अकरा वाजता सुशीची तारीख. मीच ठरवली, तिला न विचारता. रेखा हसून राहिली. हसू दे.
एक्स-रेच्या फोटोत हाड किती उरलं ते दिसेल. डॉ. बाई म्हणाली, बघितल्याशिवाय काही सांगत नाही. बेचाळीस म्हणजे अजून उशीर नसेल. नसावा.
सुशीची सासूही येते म्हणते सोबत. येऊ दे, बरंच आहे.
रेखाला सांगून ठेवलंय, सुशीलाही. डॉ. बाई काडी फिरवेल, आकडे बोलेल, मग मास्क खाली करून विचारेल की ही आदत कोणी लावली. तेव्हा सुशीनं बोलायचं नाही, तोंड उघडंच ठेवायचं. रेखानं नुसतं खिडकीकडे बघायचं. जबाब मी देईन.