पाय नसलेल्या गावातले घागरे

आर्णी, दि. ९ नोव्हेंबर २०२५
सकाळी ७ वाजून ४० मिनिटे, चष्म्याची काच पुसत असताना

ती. मानीआत्यास बादलचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

फोनवर मामा स्पीकर लावतात आणि सारा तांडा ऐकतो, म्हणून पत्र. जयाशी माझं जमावं म्हणून तू तिच्या वडिलांना, धावजींना सांगितलंस की पोराचं मोठ्या बाजारात दुकान आहे. ते पुढच्या रविवारी दुकान पाहायला येणार आहेत. आत्या, दुकान आर्णीत नाही, मायानगरात आहे. डोळ्यांवर चष्मा चढवला की ते गाव दिसतं. तिथे माणसं आपापल्या पुतळ्याच्या रूपात हिंडतात आणि पुतळ्यासाठी कपडे विकत घेतात. तुझ्या लग्नाच्या घागऱ्यावरची आरशांची नक्षी पाहून मी चाळीस घागरे केले. दुकान मांडल्यावर कळलं, तिथल्या कुणालाच कमरेखाली काही नसतं. सगळे तरंगतात.

शेजारी दोन मोठ्या कंपन्यांची काचेची दुकानं आहेत. आत माणूस नाही. लोक डोकावतात, फुकटचा फुगा घेतात आणि जातात. त्यांचं हे, तर माझं काय? धावजींना काय दाखवू? लोभ आहेच, तो रविवारनंतरही असू दे.

तुझा बादल


मुकुटबन, १२ नोव्हेंबर

चि. बादलले अनेक आशीर्वाद.

मी सांगून राह्यली, शेजारची बबिता लिहून राह्यली. पाय नाहीत त्यायले घागरे कायले केले बापा? आपले बुढे बैलावर मीठ लादून जायचे, पण आधी पुसायचे, कोणाच्या घरचं संपलं. तू पुसलं का कोणाले? डोकं तं हाय न त्यायले? पगड्या कर.

अन् बाजारात लोक निस्तं सामान घ्याले येतात, असं तुले कोणं सांगतलं? मी बांगड्या विकल्या. बाया आधी बसत, सासूचं गाऱ्हाणं सांगत, मंग हात पुढं करत. तुह्या दुकानात बोलते कोण? तुले तं पाहुणा दिसला की घाम येते.

धावजीले खरं सांग. त्याले खोटं चालत नाही, अन् चहात साखर जास्त लागते. माया पातळ करू नको.

तुही आत्या मानीबाई


आर्णी, दि. १७ नोव्हेंबर २०२५
सकाळी ६ वाजून १५ मिनिटे, पगड्यांचे रंग तपासत असताना

ती. आत्यास शि. सा. नमस्कार.

काल धावजी आले. मी सगळं खरं सांगितलं. ते बराच वेळ चहा ढवळत राहिले, मग त्यांनी चष्मा मागितला. दुकानाच्या दारात उभे राहून पहिल्याच पुतळ्याला विचारलं, गाव कोणतं, पाऊसपाणी कसं. तो नागपूरचा निघाला. म्हणाला, इथे आजवर कुणी गाव विचारलं नव्हतं. मग त्याचा मित्र आला, मग कोल्हापूरच्या एक बाई. तुरीचे भाव झाले, पोरांची लग्नं झाली. दारात ही गर्दी, आणि शेजारचे फुगे तसेच लोंबत होते. मी मध्येच खाकरून पगड्या आहेत एवढंच म्हणालो. नऊ गेल्या.

शेवटी मी जयाचं विचारलं. धावजींनी मोठ्या नाराजीने चष्मा उतरवला. म्हणाले, "ते तिले पुसा. मले आधी तिथं बसाले एक बाज पाहिजे."

संध्याकाळी जयाचा निरोप आला. बाबा घरी इतकं कधीच बोलत नाहीत, दुकान बंद करू नका. आणि तिच्यासाठी एक घागरा राखून ठेवा, तिला पाय आहेत.

आत्या, तो खरा शिवावा लागेल. तुझी माया आता सुईदोऱ्यासकट पाठव.

तुझा बादल

खर्च: जागेचं भाडं १५००, चष्म्याचं भाडं ६००, साखर ४५.
जमा: नऊ पगड्यांचे ३६०.
देणे: मित्र बंटीचे उसने ९००, जयाला एक घागरा, धावजींना एक बाज. तिथे पाय नसताना ते बाजेवर बसणार कसे, हे विचारायचं धाडस झालं नाही.