साडूपेक्षा सरस घरशाळा

२२ जून, संध्याकाळी

अल्लीपूरला सासरकडच्या नात्यातला साखरपुडा, आमच्याकडचं साक्षगंध, आटोपून आत्ताच घरी आलो. जेवण छान होतं असं सगळे म्हणत होते. मला गेलं नाही.

कारण नत्थू. माझा साडू. सुरभीच्या मोठ्या बहिणीचा नवरा, रोहण्याला शेती करतो. दोन वर्षांपूर्वी यानं आपल्या मुलीला, मयुरीला, शाळेतून काढून घरी शिकवायला घेतलं तेव्हा सगळे हसले होते. मी जरा जास्तच. आज तीच पोरगी मांडवात बसून कपाशीवरचा कोणता किडा कामाचा आणि कोणता नुकसानीचा, हे म्हाताऱ्यांना समजावून सांगत होती. आणि म्हातारे ऐकत होते. मागे दोघा बापलेकीचा पेपरात फोटोही आला होता. सासूबाई चारचौघांत म्हणाल्या, नत्थूजवाईनं पोरीचं सोनं केलं. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, तुमी जिलेबी घ्या.

आमची आकांक्षा मयुरीच्याच वयाची, आता सहावीत. दिसायला जास्त चुणचुणीत. कोपऱ्यात बसून सरबत पीत होती. दोष तिचा नाही. सिस्टिमचा आहे.

निर्णय झाला.

२४ जून

सुरभीला सांगितलं, आकांक्षा यंदा शाळेत जाणार नाही. मी शिकवणार. तिनं लाटणं न थांबवता विचारलं, काऊन? मी म्हणालो, मुलांनी काय, कुठे आणि कसं शिकायचं हे निवडण्याचा हक्क पालकांचा आहे. ती म्हणाली, भाऊजी करून राह्यले म्हणून का? मी शांतपणे सांगितलं की नत्थूचा याच्याशी काडीचा संबंध नाही.

आकांक्षाला विचारायचं राहिलं. सांगू.

२७ जून

शाळेत जाऊन मुख्याध्यापिका बाईंना पाऊण तास पालकांची निवड समजावली. त्या 'बरं' म्हणाल्या. मग म्हणाल्या, नाव पटावर राहू द्या, परत यायचं झालं तर बरं पडते. माणसाच्या आत्मविश्वासावर असा घाला घालणं हाच आपल्या शिक्षणव्यवस्थेचा दोष.

ऑफिसात रजा टाकली. फळा आणला. नत्थूकडे फळा नाही.

३० जून

घरशाळेचा पहिला दिवस. वेळापत्रक: पहाटे योगासनं, मग इंग्रजी संभाषण, मग गणित. उठायला साडेआठ झाले. काल वेळापत्रक रंगवण्यात फार दमलो होतो. तोवर आकांक्षानं कुंड्यांना पाणी घातलं होतं. कागदावर 'पर्यावरण' म्हणून लिहून घेतलं.

४ जुलै

अपूर्णांकांचा भागाकार. दुसरा अपूर्णांक उलटा करून गुणायचा, असं शिकवलं. तिनं विचारलं, उलटा काऊन? मी म्हणालो, फार चांगला प्रश्न आहे, उद्या घेऊ.

५ जुलै

तिनं पुन्हा विचारलं. बँकेत काम निघालं.

९ जुलै

घरशाळेबद्दल ग्रुप सुरू केला: 'शिक्षण आमचं, निवड आमची'. वर्ध्यातल्या आमच्या पिपरी मेघे भागातल्या ओळखीच्या सगळ्या पालकांना घेतलं. पहिला मेसेज आला: रोहण्याच्या नत्थूजी सरांचा नंबर कोणाकडे आहे का? सर. बी.ए. सेकंड इयरला दोनदा बसलेला माणूस.

१३ जुलै

रोहण्याला जाऊन आलो. आकांक्षाचा हट्ट होता म्हणून. शिवाय आतून पाहून यावं.

जे पाहिलं ते लिहून ठेवतो. नत्थू शिकवतच नाही. मयुरीनं काहीतरी विचारलं तर सरळ म्हणाला, मले नाई येत, चाल, पाहू. मग दोघं पुस्तकात बघत बसले, तिथं सापडेना तर शेजारच्या नानाजींना विचारायला गेले. आकांक्षाही मागे. मी ओट्यावर एकटा चहा पीत होतो. इतका उघड अडाणीपणा, आणि पेपरात फोटो.

निघताना आकांक्षा म्हणाली, बाबा, मी आठ दिवस इथंच राहू? नत्थू म्हणाला, राहू द्या ना, दोघी बहिणी आहेत. माझ्यासमोर, माझ्या विद्यार्थिनीला ठेवून घेतलं.

१६ जुलै

रोहण्याहून आकांक्षाचा फोन आला. आवाज खुशीत. म्हणाली, बाबा, उलटं काऊन करतात ते समजलं, आम्ही भाकर तोडून पाहिलं, पहिले मावसाजीले बी समजत नव्हतं. मी म्हणालो, मी तेच सांगणार होतो. ती म्हणाली, आईले द्या फोन.

जेवलो नाही. सुरभी म्हणाली, लेक शिकली त्याचं सुख नाई का तुमाले? आहे. सुख वेगळं आणि हे वेगळं.

२७ जुलै

कॉलनीच्या हॉलमध्ये माझं व्याख्यान: 'शाळा की घर: निवड पालकांची'. आकांक्षा आठ दिवसांचे तेरा करून कालच आली, तिला पहिल्या रांगेत बसवलं. भाषण जोरात झालं. शेवटी आमच्या समोरच्या घरातल्या देवकाबाई उठल्या. म्हणाल्या, सारं खरं, पण या पोरीले कोणी विचारलं का?

मी म्हणालो, विचारा. माझा पूर्ण विश्वास होता.

आकांक्षा उभी राहिली. म्हणाली, घरी शिकणं चांगलं असते, मी मावसाजीकडे पाहिलं. पण आमच्या घरी बाबा शिकवतात आणि मी ऐकते. त्याच्यापेक्षा मले शाळा बरी. तिथं मैत्रिणी तरी हायेत.

लोक हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं. देवकाबाईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. सुरभी मागे उभी होती. मला वाटलं तिला आनंद होईल, पण ती जवळ येऊन म्हणाली, चला घरी.

२९ जुलै

आकांक्षा शाळेत परत. नाव पटावर होतंच. माझ्या दूरदृष्टीमुळे.

एक गोष्ट मात्र मनाला बरी वाटते. नत्थू अजून घरशाळेत अडकून आहे. कधीतरी पोरगी कंटाळेल, तेव्हा कळेल.

३ ऑगस्ट

कंटाळली. आकांक्षाकडून मैत्रिणींच्या गोष्टी ऐकून मयुरीला शाळेत जावंसं वाटलं. तिनं सांगितलं आणि नत्थू 'जा' म्हणाला. एवढंच. वर्ध्याला आकांक्षाच्याच शाळेत, आमच्याकडे राहून. ग्रुपवर सगळे लिहून राहिले: लेकीची निवड मानणारा बाप असावा तर असा. मीही तेच केलं, पाच दिवस आधी. कोणाला आठवण नाही.

१२ ऑगस्ट

सकाळी दोघींना स्कूटरवरून शाळेत सोडलं. दोघी खिदळत आत गेल्या. गेटवरच्या शिपायानं विचारलं, दोन्ही पोरी तुमच्या का? का कोण जाणे, मी हो म्हणालो. बरं वाटलं.

मयुरी स्कूटरवर डबा विसरली म्हणून परत आली होती, तिनं ते ऐकलं. शिपायाला म्हणाली, नाई, माझे बाबा रोहण्याचे नत्थूजी. त्याचा चेहरा उजळला. पेपरात आलते ते? वा. आणि मग माझ्याकडे पाहून, अगदी आदरानं विचारलं, तुमी त्यांचे कोण?

साडू, म्हणालो.

नशीबवान आहात, म्हणाला.