पंधरावा नंबर, पेन्सिलीनं

अप्पा,

तुमची इटलीची वही सापडली. मायच्या पत्र्याच्या पेटीत, दोन इरकली लुगड्यांच्या मधे, चार डांबरगोळ्यांच्या पहाऱ्यात होती. माय आता माझ्याजवळ चिटगुप्प्यालाच असते. तिला विचारलं, "माय, ही वही लुगड्यात कामून ठेवलीस?" तर म्हणाली, "मग काय देवघरात ठेवू? त्यांचा जीव होता तिच्यात. माझ्यात कमी, तिच्यात जास्ती." तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तिची तुमच्यावरची तक्रार अजून ताजी आहे. वही घेऊन बसले आणि एक गोष्ट आठवली, जी मी तुम्हाला खोटी सांगितली आणि कधी कबूल केली नाही. ती सांगायला हे पत्र लिहायला घेतलंय. पण सुरुवातीपासून सांगते, कारण मधूनच सुरुवात केली की तुम्ही म्हणायचात, गाडी काट्यावर नीट घे, मग बोल.

तुम्ही साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर कारकून. भालकीकडच्या निम्म्या शिवारातला ऊस तुमच्या डोळ्यांखालून जायचा. एका वर्षी कारखान्यात इटलीहून मशीन आलं आणि ते बसवायला तिकडचाच एक फिटर आला. तुमची त्याची ओळख भांडणानं झाली. त्याच्या पेट्या काट्यावर आल्या, तर एका पेटीचं वजन कागदावरच्या वजनापेक्षा कमी भरलं आणि तुम्ही ती आत सोडेनात. साहेबांनी कन्नडमधून समजावलं, मुकादमानं मराठीतून समजावलं, फिटरनं त्याच्या भाषेत हात हलवून समजावलं. तुम्ही आपले "वजन कमी हाय" एवढंच बोलत राहिलात. शेवटी पेटी फोडली, तर आत एक मोठा भाग ठेवायचाच राहिलेला. फिटरनं तिथंच, उसाच्या गाड्यांच्या रांगेसमोर, तुमच्या दोन्ही गालांचे मुके घेतले. ती गोष्ट मायच्या कानावर संध्याकाळच्या आत पोचली.

मग तो आपल्याकडं जेवायलाच यायला लागला. मी तेव्हा नऊ वर्षांची. मला अजून दिसतो, स्वयंपाकघराच्या उंबऱ्याजवळ पाटावर बसलेला, गुडघे कानाला लागलेले. माय भाकरी थापतेय आणि तो प्रत्येक भाकरीला मान डोलावतोय. तुमचं इंग्रजी आणि त्याचं इंग्रजी मिळून एका माणसापुरतं होतं, त्यावर तुम्ही दोघं तास तास बोलायचात. बोलणं एकच, त्याच्या गावच्या फुटबॉल क्लबचं. गाव भालकीएवढं, पण क्लब जुना. अठरा संघांत खेळायचा, आणि दर हंगामाला शेवटचे तीन संघ खालच्या विभागात ढकलले जायचे. हे ऐकून तुम्ही ताट बाजूला सारलंत. "नापास झालं तर त्याच वर्गात बसवतेत. खालच्या वर्गात कामून घालायलेत? हे काय शिकवणं हाय का?" फिटरला समजलं नाही, पण कुणीतरी आपल्या बाजूनं चिडलंय एवढं समजलं. तो जवळजवळ रडला. मायनं त्याला तिखट लागलं असं समजून दही वाढलं.

जाताना तो तुम्हाला क्लबचा मफलर देऊन गेला, विटकरी आणि पांढरा. तुम्ही पुढं कैक हिवाळे तो गळ्यात घालून काट्यावर बसलात. भालकीच्या बाजारात लोक विचारायचे, अण्णा, हे कोणत्या पक्षाचं? आणि तुम्ही त्यांना अर्धा तास इटली समजावून सांगायचात. लोकांनी हळूहळू विचारायचं सोडलं.

दर जूनला फिटरचं पत्र यायचं. किती खेळले, किती जिंकले, किती बरोबरीत, किती हरले, नंबर कितवा. तुम्ही ते वहीत उतरवायचात, पण रकाने तुम्हाला एकाच जातीचे आखता यायचे, गळीत हंगामाचे. त्यामुळं आपल्या वहीत इटलीचा हंगाम 'सुरू' होतो, 'बंद' होतो, गोलांना साखरेसारखा 'उतारा' म्हटलेलं आहे आणि शेवटी 'शेरा'. एका वर्षीचा शेरा आहे, 'गोलकीपर आजारी. बदली माणूस कामाचा नाही.' एका वर्षीचा, 'पंचाची नियत बरी नाही.' बदल्यात तुम्ही त्याला आपल्या कारखान्याचा हंगाम कळवायचात, किती दिवस चालला, उतारा किती पडला. म्हणजे इटलीतही कुठल्यातरी फडताळात एक वही असणार, आणि त्यात आपल्या उसाचा हिशेब गोलांच्या रकान्यात बसवलेला असणार. या विचारानं मी काल एकटीच हसत बसले. मायनं विचारलं, "काय झालं गं, डोकं फिरलं का?"

त्याच वहीवरून मी तुमचं आयुष्यातलं सगळ्यात मोठं बोलणं खाल्लं. काट्यावरचा तुमचा नेम होता, माणसानं तोंडी सांगितलेलं वजन पेन्सिलीनं लिहायचं आणि पावती हातात आली की मगच शाईनं. एका वर्षी फिटरनं कारखान्याच्या फोनवर निकाल कळवला होता, पत्र यायचं होतं. म्हणून ओळ पेन्सिलीत होती. मला वाटलं, आकडे फिके दिसायलेत. मी शाळेचा पेन घेऊन सगळे गिरवून ठेवले, सुबक. शाबासकी मिळेल म्हणून तुमच्यासमोर वही धरली. तुम्ही ओरडला नाहीत. हळू आवाजात विचारलंत, "कागद बघितलास का तू?" मी मान हलवली, न्हाई. "मग शाई कामून लावलीस?" आणि दोन दिवस माझ्याशी बोलला नाहीत. तिसऱ्या दिवशी पत्र आलं, आकडे तेच निघाले. मला वाटलं सुटले. तुम्ही म्हणालात, "बरोबर निघाला म्हणून खरा होतो का? त्या टायमाला तुला म्हाईत होतं का?" पुढं मी शिक्षिका झाले, इतकी वर्षं पोरांच्या वह्या तपासल्या, पण पेनाचं टोपण उघडताना अजून तो प्रश्न ऐकू येतो.

आता ती गोष्ट. फिटरचं पत्र ज्या जूनमधे आलं नाही, त्या जूनमधे तुम्ही बिदरच्या दवाखान्यात होता, पोटाचं ऑपरेशन. मायचं म्हणणं, "दुसरं धोतर घ्यायचं इसरले, वही न्हाई इसरले." तुम्हाला आत घ्यायची वेळ झालीय आणि तुम्ही माझा हात धरून म्हणताय, "कम्प्युटरवर समदं असतंय म्हणतेत. तेवढं बघून ये बाई. मग काय कापायचं ते कापू द्या." समोरच्या इंटरनेटच्या दुकानात गेले. दुकानदारानं दखनीत विचारलं, "बाजी, क्या होना?" म्हणजे ताई, काय पाहिजे. म्हटलं, इटली. तो म्हणाला, व्हिसा का फॉर्म? फुटबॉल म्हटल्यावर त्यानं माझ्या साडीकडं आणि हातातल्या औषधांच्या पिशवीकडं बघितलं आणि मुकाट्यानं खुर्ची पुढं केली. पानावर शेवटची तीन नावं लाल रंगात होती. त्यात आपले पहिले. सोळावे. एका गुणानं गेले.

दुकानातून वॉर्डपर्यंत दोन जिने होते. पहिल्या जिन्यावर मी ठरवलं की खरं सांगायचं. दुसऱ्या जिन्यावर मी एक बरोबरी काढून तिचा विजय केला, एका गुणाचे तीन झाले, गुण पुन्हा मांडले आणि बेरीज जुळवली, कारण तुम्ही बेरीज करणार हे मला माहीत होतं. "पंधरावे," मी म्हणाले. "एका गुणानं वाचले." तुम्ही डोळे मिटून गुणाकार केलात. जुळला. डोळे उघडलेत. "कागद?" म्हटलं, त्याचा प्रिंटर बंद आहे. तुम्ही माझ्याकडं बघितलंत. मग म्हणालात, "पेन्सिल दे." माझ्या पर्समधे शिक्षिकेची पेन्सिल होतीच. स्ट्रेचरवर पडल्या पडल्या ओळ लिहिलीत आणि आत जाताना डॉक्टरांना कन्नडमधून सांगितलंत, "नम्मवरु उळिदरु." आपले वाचले. त्यांना वाटलं घरातलं कुणीतरी मोठ्या दुखण्यातून उठलंय. त्यांनी तुमचं अभिनंदन केलं.

खोटं एकदा बोलून भागलं असतं तर बरं होतं. पण तुम्ही घरी आलात, खाटेला लागलात आणि कम्प्युटरवर समदं असतंय हे तुम्हाला कळलेलं. त्यामुळं जूनपर्यंत कोण थांबतंय! हंगाम सुरू झाल्यापासून दर सोमवारी, "बाई, काल काय झालं?" खरे आपले तर खालच्या विभागात भलत्याच लोकांशी खेळत होते. मग मला वरच्या विभागातला अख्खा हंगाम घरातच खेळवावा लागला. मनाला येईल ते सांगणं मला जमेना, मुलगी तुमचीच. मोहरीच्या रिकाम्या डब्यात चिठ्ठ्या टाकल्या, जिंकले, बरोबरी, हरले, तिन्ही सारख्याच संख्येनं. चिठ्ठी काढायचं काम मायकडं, सोमवारी सकाळी, मी शाळेला निघायच्या आधी. आणि माय काढायची ती हरल्याचीच. एकदा नाही, पाच सोमवार. "पुन्हा काढू का गं?" असं हळूच विचारायची. मी म्हणायची, न्हाई माय, तसं करता येत न्हाई. ती म्हणायची, "एवढं खोटं करायलीस, त्यात हे तेवढं कामून खरं?" दिवाळीनंतर मात्र क्लबला एकदम सूर गवसला. जिंकले, बरोबरी, जिंकले, जिंकले. मला संशय आला, डबा उघडून बघितला, तर हरल्याच्या सगळ्या चिठ्ठ्या गायब. मायला विचारलं नाही. मलाही ते जिंकायला हवे होते.

शेवटच्या सोमवारी तुम्ही विचारलंत, "आपले कितवे?" मी सांगितलं, नववे. "चढायलेत," तुम्ही म्हणालात. "सांभाळून म्हणावं." त्याच आठवड्यात तुम्ही गेलात, गळीत ऐन भरात असताना. अंत्ययात्रेला उसाच्या गाड्या काट्यावर थांबून होत्या, आणि मायनं मफलर तुमच्याबरोबर दिला.

वही सापडल्यावर मी मोबाईल घेऊन बसले. आता सगळं त्यात असतं, त्या क्लबचा एकूण एक हंगाम. तुमची एकेक ओळ ताडून बघितली. एकही आकडा चुकलेला नाही, बदली गोलकीपरसुद्धा खराच कामाचा नव्हता. आणि शेवटी ती ओळ. सगळी वही निळ्या शाईत आणि तेवढी एक पेन्सिलीत, नंबर १५. शेऱ्यात एकच शब्द, 'तोंडी'. मी वही मायच्या पुढ्यात धरली. "माय, अप्पांना म्हाईत होतं का गं?"

माय लसूण सोलत होती. "मला काय म्हाईत? दर सोमवारी तू शाळेतनं यायच्या आधी इचारायचे, आज डब्यातनं काय निघालं म्हणून."

"आणि तू सांगायचीस?"

"सांगू न्हाई तर काय? नवरा हुता माझा." मग एक पाकळी वाटीत टाकून म्हणाली, "हरल्याच्या चिठ्ठ्या काढून टाक, हे तर त्यांनीच सांगितलं. पोरीचं तोंड उतरतंय म्हणाले."

अप्पा, मी आधी हसले आणि मग मला रडूच आवरेना. ज्या माणसानं एका पेटीच्या वजनासाठी अख्खा कारखाना थांबवला, तो खाटेवर पडून चिठ्ठ्यांत लबाडी करत होता. मी तुम्हाला फसवलं म्हणून इतकी वर्षं माझं मन मला खात राहिलं, आणि तुम्ही दोघांनी मिळून माझ्यासाठी हंगाम चालवला. तरी वहीत मात्र शाई लावली नाहीत. मला वाटतं, ती ओळ तुम्ही माझ्यासाठी ठेवलीत. पेन्सिलीचं खोडता येतं, खूण राहत नाही. खरा कागद मिळाला की लेक येईल, पुसेल, नीट लिहील, असं तुमच्या मनात असणार.

म्हणून आज खोडरबर घेऊन बसले. मोबाईल समोर उभा करून ठेवला, त्यावर स्पष्ट दिसत होतं, सोळावे. क्लबचं पुढं काय काय झालं तेही बघितलं. अजून खाली गेला, बुडाला, दुसऱ्या नावानं पुन्हा उभा राहिला. ते सगळं खालच्या ओळींत मी तुमच्यासारखेच रकाने भरून लिहिलं, खरं तेच, शाईनं. फक्त तुमच्या त्या ओळीवर रबर धरला आणि हात पुढं जाईना. तुम्ही स्ट्रेचरवर लिहिलेला तो आकडा, पाचाचं शेपूट जरा वाकडं गेलेलं. रबर ठेवून दिला. पेन उघडला आणि पंधरा गिरवला, अगदी सुबक. पावती म्हणून हे पत्र त्याच पानात घालून ठेवतेय.

कागद बघितला होता, अप्पा. तरी शाई लावली.