ई-सिगारेटचं विधेयक आणि घरातला विरोधी पक्ष

रवि., ३० नोव्हें.
इथे बंगालातल्या आमच्या मराठी मंडळाच्या अभिरूप विधानसभेचा विषय ठरला. कल्पना अशी, की केंद्राने ई-सिगारेटवरची बंदी उठवून निर्णय राज्यांवर सोडला. आता आमच्यापुढे नियमनाचं आणि कराचं विधेयक. विरोधी पक्षनेती अर्थात मी. या सभागृहात मला अजून कुणी हरवलेलं नाही. रोजनिशीत विनय कशाला?
विधेयक मांडायला कुणी तयार होईना. मागच्या रांगेतून हात वर. आमची इरा! लॉचं दुसरं वर्ष, मराठी निम्मं बंगाली. सभापती जोशीकाका म्हणाले, "वसुधा, पोरीला घरी जेवायला घालशील ना आता?"

बुध., ३ डिसें.
स्वयंपाकघरातच पहिली फेरी.
"खरी बंदी आजही आहे ना आई? तरी कॉलेजसमोरच्या पानवाल्याकडे मिळतं. आत काय भरलंय, कुणालाच माहीत नाही. परवाना द्या, तपासा, वय बघा, कर लावा."
म्हटलं, कर घेतला की सरकार दुकानात भागीदार. आणि भागीदाराला विक्री वाढलेलीच हवी असते.
"वाक्य छान आहे. पानवाल्याने ऐकलंय का?"
सुहास वरण वाढून घेत होता. नवरा तटस्थ. भित्रा!

शनि., ६ डिसें.
तिचा सराव ऐकला. "लोक ही सिगरेट खातात." म्हटलं, ओढतात. "इकडे सगळे खातात." बंगालीत खातात गं बाई, मराठीत ओढतात. बदलायला तयार नाही. इतकी हट्टी कुणावर गेलीय कोण जाणे.
तिच्या मसुद्यात 'सेवन' आहे. सेवन काढ्याचं करतात. माझी दुरुस्ती: 'धूर ओढणाऱ्यास व ओढण्यास साधन पुरवणाऱ्यास दंड.' स्वच्छ मराठी. मंत्रिमहोदयांना, म्हणजे इराला, मुद्दाम दाखवली नाही.

रवि., ७ डिसें.
आधी मी दुरुस्ती मांडली, मग इरा बोलायला उठली.
ती "खातात" म्हणालीच. हशा. बजबज गावाहून येणारे सभासद पाटील ओरडले, "कशाशी? लोणच्याशी?" इरा थांबली. हशा पूर्ण विरू दिला. हे मी शिकवलेलं नाही, हे रक्तात असावं लागतं.
मग म्हणाली, "माझं क्रियापद चुकलं असेल. पण विरोधी पक्षनेत्यांच्या दुरुस्तीत 'धूर ओढणारा' आहे. या यंत्रात काही जळत नाही. जळत नाही तर धूर नाही, निघते ती वाफ. सभापती महोदय, माझ्या आईच्या शुद्ध मराठीत एकही गुन्हेगार सापडत नाही. सगळे निर्दोष सुटले!"
बाकं वाजली. मीही वाजवली, विरोधी पक्षनेतीला शोभत नसताना. उठून दुरुस्ती मागे घेतली. आयुष्यात पहिल्यांदा.
पाटील म्हणतात, "ताई, घरातच विरोधी पक्ष?"
"विरोधी मी. घरात सरकार आहे."
समारोपाची भाषणं आणि मतदान पुढच्या रविवारी.

मंगळ., ९ डिसें.
दोन दिवस अभिनंदनाचे फोन. मला! मुलीबद्दल. घेतले सगळे.
पण शब्द चुकला, भूमिका नाही. विषाच्या कमाईतून राज्याने शाळा चालवू नयेत, हे मी रविवारी म्हणणार आणि जिंकणार. बरेचजण अजून कुंपणावर आहेत. जोशीकाकाही.

शुक्र., १२ डिसें.
संध्याकाळी इराने समारोप वाचून दाखवला. भाषा बघ म्हणाली. प्रतिस्पर्ध्याला वाचून दाखवते! हा विश्वास की मस्ती...
भाषण खणखणीत. मसुदा मात्र फुटका. परवाना दुकानाला, वय बघायचं दुकानदाराने. घरपोच मागवणाऱ्याचं काय? एक अक्षर नाही. दारात आलेला माणूस कुणाचं वय बघणार? रविवारी एवढंच विचारलं तरी विधेयक पडतं. आत्ता सांगितलं तर उद्यापर्यंत ती नवं कलम लिहील, आणि मग ते मला पाडता येईल असं वाटत नाही.
"आई, खरं सांग. कुठे कच्चं आहे?"
"पुन्हा वाच," म्हटलं.
ती वाचतेय. परवान्याचं कलम आता येईल, तोवर ठरवायला हवं.