पासंग

११ जून

प्रिय ताई,

नमस्कार. भावजींना नमस्कार सांग, टिल्लूला पापा. इकडे सगळं ठीक आहे.

मुलगी झाली हे आईने फोनवर सांगितलं असेलच. आज नववा दिवस. जन्मली तेव्हा दोन किलो नऊशे चाळीस ग्रॅम. नाक बाबांचं घेऊन आली आहे, तेव्हा पुढे तिचं काही खरं नाही. केस इतके की नर्स म्हणाली, हिला इथून थेट न्हाव्याकडेच न्या. नवरा अजून तिला दोन्ही हातांवर भरल्या ताटासारखी धरतो आणि कुणी घेईपर्यंत तसाच उभा राहतो. आई महिनाभर राहणार आहे. माझ्या स्वयंपाकघरातले डबे तिने पहिल्याच दिवशी हलवले. मला आता मीठ सापडत नाही.

दुकान बंद आहे. सहा वजनकाटे दुरुस्तीला येऊन पडलेत. बाबा असते तर म्हणाले असते, काट्याला बाळंतपण कळत नाही.

फोनवर तू हं, हं करतेस आणि टिल्लू पडला म्हणून ठेवतेस. इतक्या वेळा पडलेलं पोर एव्हाना सपाट झालं असतं. म्हणून पत्र.

एक सहज विचारायचं होतं. टिल्लूच्या वेळी तुला दवाखान्यातून एक मलम दिलं होतं. पिवळट, चिकट, मेंढीसारखा वास येणारं. त्याचं नाव आठवतं का? पाजताना मला थोडं लाल झालंय. फार नाही.

तुझी
धाकटी


१४ जून

प्रिय ताई,

तुझं उत्तर इतक्यात येणार नाही हे कळतं. तरी लिहिते.

लाल झालंय असं मी लिहिलं होतं. ते खरं नव्हतं. दोन्ही बोंडांना चिरा पडल्यात. उजवीकडची आडवी आहे, बुडाशी, टाचेच्या भेगेसारखी. ती ओढ बसली की उघडते. डावीकडे खपली धरते आणि पुढच्या वेळी पाजताना निघते. ब्लाउज चिकटतो. ओलं कापड धरून तो आधी सोडवावा लागतो, मग तिला लावायचं.

तिचं तोंड उघडलेलं दिसलं की माझ्या पायाची बोटं आखडतात. ती अजून लागलेलीही नसते. नर्सने दाखवलं होतं: नुसतं बोंड द्यायचं नाही, भोवतीचा काळा भागही तोंडात गेला पाहिजे, हनुवटी टेकली पाहिजे. नीट लागली नाही तर ओढायचं नाही, ओठाच्या कोपऱ्यातून करंगळी घालून सोडवायचं आणि पुन्हा लावायचं. दवाखान्यात नर्सचा हात असला की जमतं. घरी आल्यावर तेच बाळ, तीच मी, आणि जमत नाही. ती म्हणाली, दहापर्यंत मोजा, मग दुखणं उतरतं. मी चाळीसपर्यंत मोजते. तोंडात रुमाल असतो, त्यामुळे मनात मोजते.

जे जे कुणी सांगितलं ते केलं. कमी दुखणारी बाजू आधी. बाळ कुशीत आडवं, मग काखेखालून. पाजून झालं की आपलंच दूध लावून वाळू द्यायचं. दुपारी खिडकीकडे पाठ करून मी अर्धा तास उघडी बसते. परवा नवरा चहा घेऊन आला, मला बघितलं, कप उंबऱ्यावर ठेवला आणि पळाला. कापड लागू नये म्हणून प्लास्टिकच्या दोन गाळण्या घेतल्या, दुकानातल्या करवतीने त्यांच्या दांड्या कापल्या, कडा घासल्या आणि ब्लाउजच्या आत बसवल्या. वारा लागतो, टोचत नाही. आईने पाहिलं. म्हणाली, "छान. आता चहा कशात गाळू?"

मी हसले. हसलं की दुखतं हे तेव्हा कळलं.

काल दवाखान्यात वजन केलं. दोन किलो पाचशे साठ. नर्स म्हणाली, "फार उतरलंय. पाजतच आहात तर पाजा, पण वरचं दूधही सुरू करा. परवा परत आणा."

मी म्हटलं, "तुमच्या काट्यात खोट आहे."

"बाई, काटा तपासलेला आहे."

"टेबल डुगडुगतंय. एका पायाखाली पुठ्ठा सारलाय तुम्ही."

"पुठ्ठा काय चारशे ग्रॅम खातो का?" ती म्हणाली.

रस्त्यात आई म्हणाली, "काट्याचं राहू दे, पोरीचं तोंड बघ. सुकलंय." मी म्हटलं, आई, यात तू बोलू नकोस, हा माझा धंदा आहे. घरी नवऱ्यालाही तेच सांगितलं. त्याने मान डोलावली. वजनाच्या बाबतीत या घरात माझा शब्द शेवटचा असतो.

वरचं दूध दिलेलं नाही. अंगावरचंच देणार. बाबा म्हणायचे ना, ताईच्या पासंगालाही पुरणार नाहीस. या एका बाबतीत पुरेन असं वाटलं होतं.

काल तिच्या ओकारीत गुलाबी रेघ होती. ते माझं रक्त. नर्स म्हणते, त्याने बाळाला काही होत नाही.

मलमाचं नाव पाठव.

धाकटी


१९ जून

ताई,

हे इस्पितळातून लिहिते आहे. समोर ती आहे. नाकात नळी आहे. झोपली आहे.

तुझी चिठ्ठी मंगळवारी मिळाली. वहीच्या पानाचा तुकडा, त्यावर मलमाचं नाव. वर प्रिय नाही, खाली तुझी नाही. मी मागची बाजूही पाहिली. मलम आणलं. उपकार झाले.

काल दुपारी ती रडायची थांबली. गेले चार दिवस ती सारखी रडत होती, पाजलं तरी, घेतलं तरी. काल लागली, जराशी चोखली, गप्प झाली. मला वाटलं, पोट भरलं. मला बरं वाटलं, ताई. मी तिला खाली ठेवलं आणि खिडकीशी उघडी बसले. रस्त्यावर कुणीतरी कपाट हलवत होतं, ते जिन्यात अडकलं होतं. मी ते बघत बसले.

आईने दुपटं चाचपलं. म्हणाली, "ही सकाळपासून कोरडी आहे." मग तिच्या डोक्यावर हात फिरवला आणि तिचा हात थांबला. टाळू खड्ड्यासारखी आत गेली होती.

मी तेव्हाही काटाच काढला. दुकानातला चांगला, एका ग्रॅमपर्यंत दाखवणारा. तिला जागी केली, त्यालाच किती वेळ लागला. आधी वजन केलं. पाजलं, दोन्ही बाजू, मोजत, रुमाल तोंडात. परत वजन केलं. अकरा ग्रॅम वाढलं. चाळीस मिनिटांत अकरा ग्रॅम. आई ओरडली, "अगं, पुरे कर ते दुकान!" आणि पोरीला उचलून अनवाणी जिना उतरली. मी मागून तिच्या चपला घेऊन गेले.

इथे वजन दोन किलो तीनशे नव्वद भरलं. डॉक्टर तरुण आहे. त्याने विचारलं, "कधीपासून असं आहे?" आईने माझ्याकडे बघितलं. नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, काट्यात खोट होती.

खोट नव्हती. नर्सने त्या दिवशी काटा उलटा करून मला दाखवला होता. हे मी तुला लिहिलं नाही. खाली चिठ्ठी चिकटवलेली होती: 'तपासले. बरोबर आहे.' तारीख एप्रिलची, सही माझी. मला सातवा संपत आला होता, पोट टेबलाला लागत होतं, म्हणून मी तो काटा बाजूने उभी राहून तपासला होता. नर्सला सहीवरून काही कळलं नाही. मला कळलं. मी काटा सरळ करून ठेवला आणि घरी येऊन सगळ्यांना सांगितलं की तो खोटा आहे. पाच दिवस सांगितलं, आणि तिला परत दाखवायलाही नेलं नाही.

का, ते तुला कळलं असेल. बारा ग्रॅम तू विसरली नसशील.

ती हलते आहे. थांबते.


१ जुलै

ताई,

आम्ही घरी आलो. वजन दोन किलो नऊशे दहा. जन्माच्या वेळचं अजून भरलेलं नाही, पण भरेल म्हणतात. बाटलीने पिते. सगळं संपवते आणि बाटलीचं रबरी बूच शोधत तोंड फिरवते. डॉक्टर म्हणाला, पुढे काही होऊ नये. होणार नाही, असं तो म्हणाला नाही.

तू सांगितलेलं मलम चांगलं आहे. डावीकडची खपली आपोआप पडली, खालची कातडी गुलाबी आहे. उजवीकडची चीर मिटली. आता पाजलं तर दुखणार नाही. पण ती आता घेत नाही. जवळ घेतली की मान वळवते आणि अंग ताठ करते. इस्पितळातल्या बाई म्हणाल्या, धीर धरा, यंत्राने काढत राहा. मी काढत राहिले. पहिल्या दिवशी बाटलीचा तळ झाकला. परवा काच नुसती ओली झाली. काल तेही नाही. आईने गाळण्या घासून, ओट्यावर उपड्या ठेवल्या आहेत. दांड्या नसल्यामुळे त्यांचा काही उपयोग नाही, पण ती टाकत नाही.

नवरा माझ्याशी बोलतो. "कपडे वाळले का" असं बोलतो. पोरीला उचलताना माझ्या हातातून घेत नाही, मी खाली ठेवेपर्यंत थांबतो.

आता जे लिहायचं होतं ते लिहिते.

टिल्लू सोळा दिवसांचा होता. तुझ्या सासूबाई म्हणत होत्या, पोर उपाशी आहे, आणि तू आतल्या खोलीत दार लावून पाजत होतीस आणि रडत होतीस. आईने मला बोलावलं. मी काटा घेऊन आले. तुला विचारलं नाही. आधी वजन केलं, तू पाजलंस, परत वजन केलं, आणि बाहेरच्या खोलीत सगळ्यांसमोर आकडा सांगितला. बारा ग्रॅम. वर मीच म्हणाले, "एवढ्यासाठी घर डोक्यावर घेतलंस होय?" तुझ्या सासूबाई हसल्या. तू दारात उभी होतीस. तुझ्या ब्लाउजवर दोन डाग होते, तपकिरी कडा असलेले. ते कसले, हे मला माहीत नव्हतं, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले. मला माहीत होतं.

पण हे तुला ठाऊकच आहे. जे ठाऊक नाही ते पुढे आहे.

पासंग बघायचा हा बाबांचा पहिला धडा. रिकाम्या काट्याचं एक पारडं झुकत असेल तर दुसऱ्यात तेवढा तुकडा टाकायचा, मग माल. मोजण्याआधी, जे मोजायचं नाही ते काढून टाकायचं. मला शाळेत जाण्याआधी हे येत होतं. त्या दिवशी पहिलं वजन मी दुपट्यासकट केलं. जाडं, गोधडीसारखं शिवलेलं दुपटं. पाजताना टिल्लू त्याच्यावर ओकला, म्हणून आईने ते काढून त्याला पातळ फडक्यात गुंडाळलं, आणि दुसरं वजन मी त्या फडक्यासकट केलं. माझ्या लक्षात आलं नाही. ते खराब दुपटं मी काट्याला गुंडाळून घरी आणलं. धुतलं. वाळल्यावर घडी करताना हाताला त्याचं वजन लागलं आणि मी ते काट्यावर टाकलं.

दुपटं पंच्याण्णव ग्रॅम. तसल्या फडक्यांचा गठ्ठा आपल्या घरी होता, त्यातलं एक चाळीस. फरक पंचावन्न, तेवढा तुझ्या दुधातून वजा झाला होता. बारा आणि पंचावन्न.

टेलिफोन समोर होता. तू अजून सोडलं नव्हतंस. दोन दिवसांनी आईने सांगितलं, ताईने अंगावरचं बंद केलं, बाटली सुरू केली. मी म्हटलं, बरं झालं. आयुष्यात एकदा तुझं पारडं वर गेलं होतं. मी ते तसंच राहू दिलं.

तुला दूध होतं, ताई. तू त्या चिरांसकट पाजत होतीस आणि त्याला पुरत होतं. मला नव्हतं. तुला नाही म्हणून सांगितलं, आणि स्वतःला आहे म्हणून सांगितलं. दोन्ही वेळा आकडा माझ्यासमोर होता.

हे कळून आता तुला काही उपयोग नाही. टिल्लू पाच वर्षांचा आहे. तू ये, असं लिहिणार होते, दोनदा लिहून खोडलं. उत्तराची वाट बघणार नाही. पण तुझ्या घरी एक चुकीचं वजन माझ्या शब्दावर राहिलं आहे, आणि ते दुरुस्त करायचं काम माझंच. चिकटवायची चिठ्ठी सोबत पाठवते. कुठे लावायची ते तू बघ. फाडलीस तरी चालेल. तिच्यावर आहे तेच इथे लिहिते:

तपासले.
पासंग काढून सदुसष्ट ग्रॅम.
आधीचा आकडा चूक.

सही,
तुझी धाकटी