फोनने पुसलेला तीळ

३ मार्च, सोमवार

त्वचेची डॉक्टरीण नातीच्या वयाची. माझ्या डाव्या गालावरचा तीळ पाच मिनिटं भिंगातून पाहिला. मग म्हणे, "आजी, हा वाढलाय का?" मला काय ठाऊक! रोजच्या चेहऱ्यात काय वाढलं, काय आटलं, कुणाला कळतं?

वाढला असेल तर याच महिन्यात कापायचा, चांगला खोलवर. तीन वर्षं तेवढाच असेल तर थांबून पाहायचं. पुढच्या मंगळवारी जुने फोटो घेऊन या म्हणाली. बस्स, एवढंच? फोटो तर ढिगाने आहेत. सूनबाई ऊठसूट मला खेटून उभी राहते आणि फोन उगारते.

४ मार्च, मंगळवार

सूनबाईच्या फोनमध्ये तीन वर्षांतले आमचे चारशे बारा फोटो. चष्मा पुसून एकेक पाहिला. तीळ नाही. एकातही नाही! सुरकुत्या नाहीत, नाकाशेजारचा कांजण्यांचा व्रणही गायब. एकाहत्तर वर्षांची बाई की उकडून सोललेलं अंडं? शेजारी सूनबाई, तशीच गुळगुळीत — पण तिच्याकडे कोण पाहतंय!

मुलगा म्हणाला, फोन आपोआप करतो, डाग दिसला की पुसतो. मग न पुसलेला मूळ फोटो दे, म्हटलं. तर म्हणे मूळ फोटो हाच. निघतानाच पुसून निघतो, खाली दुसरा काही नसतो.

म्हणजे होतं ते कुठेच नाही, आणि नव्हतं ते चारशे बारा वेळा! छत्तीस वर्षं मी कोर्टात साक्षी टाइप केल्या. तिथे खोटं बोलायला निदान माणूस तरी उभा असायचा.

५ मार्च, बुधवार

पट्टी लावून मोजला. सहा मिलिमीटर. तीन वर्षांपूर्वी मोजला असता तर उपयोग होता.

७ मार्च, शुक्रवार

कोपऱ्यावरच्या फोटोवाल्याकडे गेले. दुकानात आता कॅमेरा एक आणि कॉम्प्युटर तीन. त्याच्या नव्या सॉफ्टवेअरला म्हणे गेलेलं सगळं परत आणता येतं. बटण दाबलं. आल्या की सुरकुत्या — पण माझ्या नव्हेत, कुणा परक्या म्हातारीच्या! या कुठून आणल्यास, विचारलं. तर म्हणे सॉफ्टवेअर अंदाज बांधतं, त्याने लाखो चेहरे पाहिलेत. माझा सोडून, म्हटलं.

मग माउस माझ्या गालावर आणून म्हणतो, "बोला मॅडम, तीळ कुठे ठेवू? केवढा हवा?"

"केवढा हवा ते सांगायला आले नाही. केवढा होता ते विचारायला आलेय."

त्याने माउस सोडला. भला माणूस. चहा विचारला. नको म्हणून घरी आले.

८ मार्च, शनिवार

जेवताना तोंड सुटलं. सूनबाईला नाही नाही ते बोलले. तुझ्या त्या नटव्या फोनपायी माझा गाल चिरायची वेळ आली, इथपर्यंत. ती भांडी उचलून ओट्याकडे गेली आणि पाठमोरीच म्हणाली, "आई, ते सेटिंग तुम्हीच लावायला सांगितलं होतंत."

शाळेच्या मैत्रिणींना फोटो पाठवायचा होता तेव्हा. हे काळं काय ते काढ गं, म्हातारी दिसते मी — असं म्हणाले म्हणे. नंतर तिने एकदोनदा बंद केलं, तर ते फोटो काढून टाकायला लावून वर मी दोन दिवस अबोला धरला.

आठवलं. शब्द न् शब्द आठवला! कॉन्व्हेंट शाळेच्या वसतिगृहात सिस्टरांनी आमच्या खोलीत आरसा ठेवला नव्हता. आम्ही डब्याच्या झाकणात तोंडं पाहायचो. चेहऱ्याचा गर्व आधी डोळे खातो, म्हणायच्या. किती खिदळलो होतो.

१० मार्च, सोमवार

दात घासताना एकदम सुचलं — पेन्शन ऑफिस! दरवर्षी जिवंत असल्याचा दाखला द्यायला जावं लागतं. तिथला कारकून कॉम्प्युटरवरच्या टिचभर कॅमेऱ्याने फोटो घेतो. असला भीषण, की बाई जिवंत आहे याचीच शंका यावी. तीनदा भांडलेय, एकदा लेखी तक्रारसुद्धा केलीय.

मला पाहताच कारकून सावरून बसला. भांडायला आले नाही, ते फोटो हवेत, म्हटलं. त्याने माझीच तक्रार काढून पुढ्यात ठेवली. सदर छायाचित्रे नष्ट करण्यात यावीत. खाली माझी सही, ठसठशीत. म्हणजे पुसले की काय, विचारलं.

"घाबरू नका मॅडम. इथे कुणी सांगून काही केलंय का आजवर?"

तीन वर्षांचे तीन फोटो छापून दिले. प्रेतकळा, सुजलेले डोळे — आणि तीळ! तिन्हींत आहे. पण वाढलाय का, ठरवता येईना. एका फोटोत चेहरा जवळ, दुसऱ्यात लांब.

११ मार्च, मंगळवार

सूनबाई सोबत आली. शनिवारपासून माझ्याशी कामापुरतंच बोलतेय, पण आली. डॉक्टरिणीने डोळ्यांमधलं अंतर धरून एकेक फोटो मोजला. मग पुन्हा मोजला. तिन्हींत तेवढाच!

"आजी, तीन महिने थांबू."

मी घाईने उठले. हातातला चष्मा खाली पडला. सूनबाई तो उचलायला वाकली, तशी डॉक्टरीण हसता हसता थांबली. भिंग पुन्हा हातात घेतलं. सूनबाईच्या कानाच्या पाळीखाली धरलं.

"हा कधीपासून आहे?"

"कुठला?" सूनबाईने विचारलं.

दारातून आत आल्या आल्या तिच्या बारा चुका काढणारी मी. मलाही सांगता आलं नाही.

१२ मार्च, बुधवार

डॉक्टरिणीला तिचेही तीन वर्षांतले फोटो हवेत. चारशे बारा आहेत.